घरबसल्या लिनक्स सर्व्हर सांभाळायचे: ब्राउझरमधलं कोणतं साधन, आणि ते कसं बसवावं?

भोसरीकर
नमस्कार मंडळी. भोसरी एमआयडीसीतल्या एका लहान कारखान्यात तीन लिनक्स यंत्रं आहेत.

पहिलं: डेबियन १२, साम्बा (विंडोज संगणकांनाही फाइली वाटणारा) फाइल सर्व्हर, चार डिस्कचं रेड १० (एखादी डिस्क गेली तरी माहिती टिकवणारी रचना).
दुसरं: अल्मालिनक्स ९, केव्हीएमवर तीन व्हर्च्युअल मशीन, म्हणजे यंत्राच्या आत चालणारी आभासी यंत्रं.
तिसरं: उबंटू २४.०४, डॉकरमध्ये (वेगळ्या बंदिस्त कंटेनरमध्ये) ईआरपी, म्हणजे कारखान्याच्या व्यवहारांचं सॉफ्टवेअर, आणि त्याचा डेटाबेस.

दिवसभर तिथे बसणारे गृहस्थ लेखा विभागातले आहेत. कमांड लिहिणं त्यांचं काम नाही. पण अडकलेली सर्व्हिस रीस्टार्ट करणं, डिस्क किती भरली ते बघणं, नव्या माणसाला साम्बाचं खातं देणं एवढं त्यांना ब्राउझरमधून जमायला हवं. बाकी सगळी देखभाल कोथरूडहून होणार. कारखान्यात साधं फायबर आहे, राउटरच्या वॅन (इंटरनेटच्या बाजूच्या) पानावर पत्ता १००.७२ ने सुरू होतो.

ब्राउझरमधून सर्व्हर सांभाळण्याच्या पॅनेलांपैकी वेबमिन, कॉकपिट की आणखी काही? आणि राउटरवर पोर्ट उघडावं लागेल का?

कर्नलकाका
दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी: कोणतंही पॅनेल निवडा, त्याचं पोर्ट इंटरनेटवर उघडायचं नाही. तुमच्या बाबतीत ते उघडताही येणार नाही, पण त्यावर जाळ्यातली जाणकार मंडळी बोलतीलच.

तिन्ही यंत्रांवर रोजच्या देखभालीला कॉकपिट. ते स्वतःची वेगळी सेटिंग साठवत नाही, हा त्याचा सगळ्यात मोठा गुण. सर्व्हिससाठी सिस्टमडीशी, डिस्कसाठी यूडिस्क्सशी, नेटवर्कसाठी नेटवर्कमॅनेजरशी बोलतं. तुम्ही टर्मिनलवर केलेला बदल तिथे लगेच दिसतो आणि तिथे केलेला टर्मिनलवर. लॉगिन यंत्रावरच्याच खात्याने, पॅम या लिनक्सच्या लॉगिन तपासणाऱ्या यंत्रणेद्वारे. कोणी वापरत नसेल तेव्हा फक्त सिस्टमडीचं सॉकेट ९०९० वर कान देऊन असतं, वेब सर्व्हर जोडणी आल्यावरच उठतो.

डेबियन आणि उबंटूवर नेहमीच्या भांडारातली आवृत्ती जुनी असते, म्हणून बॅकपोर्ट्समधून, म्हणजे नव्या आवृत्त्यांच्या जोडभांडारातून घ्या. अल्मावर व्हर्च्युअल मशीनसाठी कॉकपिट-मशीन्स हे पॅकेज वेगळं टाकावं लागतं. अल्मा ज्यावर बेतलेलं आहे त्या आरएचईएलमध्ये रेड हॅटने आवृत्ती ८ पासून व्हर्ट-मॅनेजर हे जुनं साधन मोडीत काढून हाच रस्ता धरला आहे. अर्थात त्यात सगळं येत नाही. काही नाजूक गोष्टींत शेवटी व्हर्श एडिट या कमांडने मशीनची एक्सएमएल फाइल उघडावी लागतेच.

एक गोष्ट आजच तपासा. अल्मावर फायरवॉलडीच्या पब्लिक झोनमध्ये कॉकपिट ही सेवा मुळातच उघडी असते. त्या यंत्राला कधी थेट सार्वजनिक पत्ता मिळाला, तर ९०९० जगाला दिसेल. फायरवॉल-सीएमडीला उघड्या सेवांची यादी विचारा आणि नको असेल तर काढून टाका.

पेठेतला_पेंग्विन
काकांशी निम्मा सहमत. कॉकपिट उत्तम, पण साम्बाचं काय? त्याच्या मूळ संचात साम्बाचं पान नाही. ४५ड्राइव्ह्जचं फाइल-शेअरिंगचं जोडपॅकेज आहे, ते वेगळ्या भांडारातून आणावं लागतं. वेबमिनमध्ये साम्बा, बाइंड, पोस्टफिक्स, डीएचसीपी, स्क्विड, क्रॉन सगळ्याची पानं तयार आहेत. जेमी कॅमेरॉन यांनी १९९७ मध्ये सुरू केलेला प्रकल्प, पर्लमध्ये लिहिलेला, आजही जोमात चालू आहे. शिवाय तो मूळ कॉन्फिग फाइलच वाचतो आणि लिहितो, आपल्या टिपा, म्हणजे हॅश लावलेल्या ओळी, जपतो.

आणि धाग्यातली मुख्य अडचण लेखा विभागाच्या गृहस्थांची आहे. तिथे कॉकपिट कमी पडतं. त्यात एक तर मर्यादित प्रवेश, म्हणजे बघा पण हात लावू नका, नाहीतर सुडोचा पूर्ण प्रवेश, म्हणजे रूट या सर्वाधिकारी खात्याचे हक्क. 'हीच एक सर्व्हिस रीस्टार्ट करता येईल' असं मधलं काही त्याच्या पानावर सहज मिळत नाही.

वेबमिनमध्ये कस्टम कमांड्स नावाचा विभाग आहे. 'ईआरपी पुन्हा सुरू करा', 'डिस्क किती भरली', 'साम्बा खातं तयार करा' अशी मराठीत नाव दिलेली बटणं बनवा, प्रत्येकामागे एक कमांड. मग वेबमिन युजर्समध्ये नवं खातं करून त्याला फक्त तोच विभाग द्या. त्यांना लॉगिननंतर तेवढी बटणं दिसतील, बाकी काही नाही.

शून्यएक
वेबमिनचं नाव आलं की २०१९ आठवायलाच हवं. सुरक्षेतल्या त्या छिद्राचा नोंदणी क्रमांक सीव्हीई-२०१९-१५१०७. पासवर्ड बदलायच्या पानात कोणीतरी मागचं दार घुसवलं होतं आणि लॉगिन न करता रूट म्हणून कमांड चालत होती. १.८९० ही आवृत्ती तर कोणतीही सेटिंग न बदलता उघडी होती. असं साधन कारखान्याच्या फाइल सर्व्हरवर?

पेठेतला_पेंग्विन
@शून्यएक, घटना खरी आहे, पण पूर्ण सांगू या. गिटहबवरचा मूळ कोड स्वच्छ होता. पॅकेज ज्या यंत्रावर बांधलं जायचं तिथे फाइल बदलली गेली होती. १.९०० ते १.९२० मध्ये मुदत संपलेला पासवर्ड बदलू देण्याचा पर्याय चालू असेल तरच धोका होता. ऑगस्ट २०१९ मध्ये १.९३० आली आणि तो कोड गेला. त्या वेळी भोगलं कोणी, तर ज्यांचं वेबमिनचं १०००० पोर्ट सगळ्या जगाला खुलं होतं त्यांनी. आतल्या जाळ्यापुरतं ठेवलेल्या वेबमिनपर्यंत पोचायला आधी आत शिरावं लागलं असतं.

वेबमिन बसवल्यावर ईटीसी या सेटिंगच्या फोल्डरामधल्या वेबमिन फोल्डरात मिनिसर्व्ह.कॉन्फ उघडून तीन गोष्टी करा. अलाउ या ओळीत फक्त कारखान्याचं जाळं लिहा. बाइंड या ओळीत आतला पत्ता द्या. आणि लिसन=१०००० ही ओळ काढा, कारण ती यूडीपीवर इतर वेबमिन शोधण्यासाठी असते आणि इथे तिचा काही उपयोग नाही. मग सर्व्हिस रीस्टार्ट.

शून्यएक
हे मान्य. पण कस्टम कमांड्सबाबत एक पुस्ती. ज्या बटणाला नाव किंवा आकडा असं इनपुट लागतं, तिथे पॅरामीटर अवतरणात ठेवण्याचा पर्याय चालू ठेवा. नाहीतर खात्याच्या नावाच्या जागी अर्धविराम टाकून पुढे कोणतीही कमांड लिहिता येते आणि ती रूट म्हणून चालते. त्यापुढे जाऊन, बटणामागे थेट कमांड न लिहिता एक छोटी स्क्रिप्ट ठेवा आणि तिच्यात नाव तपासा: फक्त लहान इंग्रजी अक्षरं आणि आकडे, लांबी २० च्या आत, नाहीतर बाहेर.

आणि त्या खात्याला क्रॉन, फाइल मॅनेजर किंवा साम्बा यांतला एकही विभाग देऊ नका. साम्बाच्या शेअरला 'जोडणी होताना रूट म्हणून ही कमांड चालव' असं सांगता येतं. म्हणजे साम्बाचा विभाग दिला की रूट दिल्यासारखंच.

रूटनको
एवढा खटाटोप कशाला? एसएसएच (दुरून टर्मिनल), चावीने लॉगिन, पासवर्ड बंद, अॅन्सिबल (अनेक यंत्रांची सेटिंग एका जागेवरून लावणारं साधन). तीन यंत्रांना पॅनेल म्हणजे तीन नव्या गोष्टी अपडेट करत बसायच्या.

पर्वतीपायथा
@रूटनको, तुमच्या मार्गाने यंत्रं नीट राहतात हे बरोबर. पण प्रश्नातल्या गृहस्थांसाठी त्यात काहीच नाही. सकाळी साडेनऊला डिस्पॅचचं चलन निघत नाही, तेव्हा कोथरूडच्या माणसाचा फोन लागेपर्यंत ट्रक उभा राहतो. बटण तिथेच हवं.

मात्र पॅनेल आणि अॅन्सिबल एकाच फाइलवर हात चालवू लागले की गोंधळ होतो. पॅनेलमधून बदललेलं साम्बाचं कॉन्फिग पुढच्या अॅन्सिबल फेरीत पुसलं जातं. म्हणून आधी वाटणी करा आणि लिहून ठेवा: कोणती फाइल कोणाची.

दुसरी सवय: तिन्हींवर एटसीकीपर टाका. तो ईटीसी हा पूर्ण फोल्डर गिटमध्ये (फाइलींतल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात) ठेवतो, पॅकेज टाकण्याआधी आणि नंतर आपोआप नोंद करतो, शिवाय रोज एकदा. पॅनेलने काय बदललं ते गिट डिफमध्ये ओळीओळीने दिसतं. ते भांडार बाहेर कुठे ढकलू नका, त्यात सांकेतिक रूपातल्या पासवर्डांची शॅडो फाइलही असते.

मुळाकाठ
+१ एटसीकीपरला. वाचनखूण साठवली.

जाळीदार
आता जोडणीबद्दल. राउटरच्या वॅनचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांत असेल तर तो सीजीनॅट आहे, म्हणजे एकच सार्वजनिक पत्ता सेवा देणाऱ्या कंपनीने अनेक ग्राहकांत वाटलेला. १००.७२ त्यातच येतो. राउटरवर पोर्ट फॉरवर्ड करून काही होणार नाही, कारण बाहेरची जोडणी तुमच्या राउटरपर्यंत पोचतच नाही. जोडणी आतून बाहेर जायला हवी.

रस्ता असा. मुंबई विभागात एक लहान व्हीपीएस (भाड्याचा आभासी सर्व्हर) घ्या, ५१२ एमबी मेमरी पुरते. त्यावर वायरगार्ड (यंत्रांना जोडणारा कूटबद्ध बोगदा), यूडीपी ५१८२०. व्हीपीएस देणाऱ्याच्या बाहेरच्या फायरवॉलमध्येही तेच यूडीपी पोर्ट उघडा. अनेकदा लोक टीसीपी उघडतात आणि मग हँडशेक का होत नाही म्हणून शोधत बसतात.

पत्ते समजा १०.४४.०.१ व्हीपीएसचा, .११, .१२, .१३ कारखान्यातल्या तिघांचे, .२१ कोथरूडच्या लॅपटॉपचा.

व्हीपीएसवर प्रत्येक पीअरच्या (बोगद्याला जोडलेल्या यंत्राच्या) अलाउडआयपीजमध्ये फक्त त्याचाच पत्ता, /३२ लावून. एकच पत्ता दोन पीअरना लिहिला तर वायरगार्ड तक्रार करत नाही, तो पत्ता शेवटी लिहिलेल्याकडे जातो आणि पहिला मुका होतो. कारखान्यातल्या यंत्रांवर आणि लॅपटॉपवर व्हीपीएस या एकाच पीअरसमोर १०.४४.०.०/२४.

कारखान्यातल्या तिघांवर पर्सिस्टंटकीपअलाइव्ह २५ सेकंद. हे नसेल तर काही वेळाने सीजीनॅटच्या तक्त्यातली नोंद पुसली जाते आणि बाहेरून यंत्र गप्प दिसतं.

व्हीपीएसवर आयपी फॉरवर्डिंग चालू, नाहीतर लॅपटॉप व्हीपीएसपर्यंत पोचेल पण पुढे नाही.

मग डब्ल्यूजी शो ही कमांड चालवून बोगद्याची स्थिती बघा. 'लेटेस्ट हँडशेक'ची ओळच नसेल तर चावी, पोर्ट किंवा फायरवॉल. हँडशेक आहे पण पिंग नाही, तर अलाउडआयपीज किंवा फॉरवर्डिंग. पिंग आहे, लॉगिनचं पान उघडतं, पण लॉगिननंतर पान अर्धवट लटकतं, तर एमटीयू (एका पाकिटाचा कमाल आकार). वायरगार्डचा नेहमीचा एमटीयू १४२०. पीपीपीओईच्या फायबरवर बोगदा आयपीव्ही६ वरून जात असेल तर १४१२ करा. मोबाइल हॉटस्पॉटवरून अडत असेल तर १२८० करून पाहा. त्याने चाललं तर कारण सापडलं, मग हळूहळू वाढवा.

एसएसएचने नुसतं काम भागत असेल तर कॉकपिटसाठी स्थानिक पोर्ट फॉरवर्डही पुरतं. एसएसएचला एल हा पर्याय देऊन लॅपटॉपचं ९०९० तिकडच्या लोकलहोस्टच्या ९०९० ला जोडायचं. पण रोजच्या कामाला वायरगार्ड सुटसुटीत.

कंटेनरवाली
@जाळीदार, अगदी मुद्देसूद. एक भर घालते. मधला व्हीपीएस बोगदा उलगडतो आणि पुन्हा गुंडाळतो. तो कोणाच्या हाती गेला तर तो स्वतःला १०.४४.०.२१ म्हणवून घेऊ शकतो. म्हणजे कारखान्यातल्या फायरवॉलवर 'फक्त .२१ ला ९०९०' एवढ्यावर विसंबून चालणार नाही. कॉकपिटला पासवर्डबरोबर सहा आकडी कोडही मागायला लावा: गूगल ऑथेंटिकेटरचं पॅम मॉड्यूल टाकून पॅमच्या फोल्डरातल्या कॉकपिट नावाच्या फाइलमध्ये ओळ जोडायची. लॉगिनचं पान दुसरा प्रश्न स्वतःहून विचारतं. यंत्राचं घड्याळ मात्र बरोबर हवं, कोड दर ३० सेकंदांनी बदलतो.

आता तिसऱ्या यंत्राबद्दल. कॉकपिटमध्ये डॉकरचं पान नाही, ते पूर्वीच काढलं, आता पॉडमॅन या डॉकरसारख्याच साधनाचं आहे. डॉकरसाठी पोर्टेनर हे वेगळं पॅनेल बघा, ९४४३ वर. पहिल्यांदा सुरू केल्यावर ५ मिनिटांत अॅडमिनचं खातं केलं नाही तर ते सुरक्षेसाठी स्वतःला बंद करतं, कंटेनर रीस्टार्ट करून पुन्हा जायचं. पोर्टेनरला डॉकरचं सॉकेट दिलेलं असतं आणि त्या सॉकेटवर हुकूम चालला म्हणजे यंत्रावर रूट मिळालं. त्यामुळे त्याचा पासवर्ड रूटच्याच तोलाचा धरा.

सगळ्यात जास्त फसवणारी गोष्ट: यूएफडब्ल्यूने (उबंटूच्या फायरवॉलने) पोर्ट बंद केलं तरी डॉकरने प्रकाशित केलेलं पोर्ट उघडंच राहतं. डॉकर आपले नियम आयपीटेबल्सच्या नॅट तक्त्यात टाकतो, पाकीट तिथेच कंटेनरकडे वळतं आणि यूएफडब्ल्यूचे इनपुटचे नियम त्याच्या वाटेत येतच नाहीत. उपाय: कंपोज फाइलमध्ये पोर्टच्या आधी पत्ता लिहा, १२७.०.०.१ किंवा वायरगार्डचा १०.४४.०.१३. नियमच लावायचे असतील तर डॉकर-युजर या साखळीत. डेटाबेसचं पोर्ट तर प्रकाशित करूच नका. ईआरपीचा कंटेनर त्याच डॉकर नेटवर्कमध्ये नावाने त्याच्यापर्यंत पोचतो.

कात्रजघाट
सर्व्हरवर वेबसाइटही ठेवायच्या असतील तर सायबरपॅनेल किंवा हेस्टिया चालेल का?

शून्यएक
@कात्रजघाट, ती वेगळी जात आहे, होस्टिंगची पॅनेलं. ती कोऱ्या यंत्रावर बसवायची असतात आणि कॉन्फिग स्वतःच्या साच्यातून बनवतात. हेस्टियात एनजिनएक्स या वेब सर्व्हरची फाइल हाताने बदलली तर पुढच्या रीबिल्डला ती जाते, आपला साचा वेगळ्या नावाने ठेवावा लागतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये सायबरपॅनेलच्या २.३.६ आणि २.३.७ मधल्या छिद्रातून हजारो सर्व्हर लॉगिनशिवाय ताब्यात गेले आणि त्यांतल्या फाइली खंडणीसाठी कुलूपबंद झाल्या. चालत्या ईआरपीच्या यंत्रावर यांतलं काहीही नको.

भोसरीकर
सगळ्यांचे आभार, फार कामाचं मिळतंय. उबंटूवर कॉकपिट टाकलं. अपडेटच्या पानावर 'ऑफलाइन असताना कॅश ताजी करता येत नाही' असा संदेश येतो, इंटरनेट तर चालू आहे. आणि नेटवर्कच्या पानावर काहीच दिसत नाही.

कर्नलकाका
@भोसरीकर, दोन्हींचं मूळ एक. उबंटू सर्व्हरवर नेटप्लॅन (नेटवर्कची सेटिंग लावणारं साधन) सगळं काम सिस्टमडी-नेटवर्कडीला देतो. कॉकपिटचं नेटवर्क पान नेटवर्कमॅनेजरशी बोलतं आणि अपडेटचं पान पॅकेजकिटशी. पॅकेजकिट 'आपण ऑनलाइन आहोत का' हे नेटवर्कमॅनेजरला विचारतं. त्याच्या हाती एकही जाळं नाही, म्हणून तो 'नाही' म्हणतो.

सरळ उपाय: नेटप्लॅनच्या यामल फाइलमध्ये रेंडरर नेटवर्कमॅनेजर करा. हे दुरून करू नका, यंत्रासमोर कीबोर्ड घेऊन बसा, आणि लावताना नेटप्लॅन अप्लायऐवजी नेटप्लॅन ट्राय वापरा. १२० सेकंदांत होकार दिला नाही तर तो जुनं परत आणतो. डॉकरचं यंत्र असल्यामुळे ईआरपी बंद असतानाच करा.

दुसरा उपाय कॉकपिटच्या नेहमीच्या प्रश्नांच्या पानावर दिला आहे: एनएमसीएलआय या नेटवर्कमॅनेजरच्या कमांडने एक खोटा, डमी प्रकारचा इंटरफेस बनवून त्याला कोणताही पत्ता आणि गेटवे द्यायचा. नेटवर्कमॅनेजरला वाटतं आपण ऑनलाइन आणि अपडेट सुरू होतं. नेटवर्कचं पान मात्र तसंच रिकामं राहील. तुम्हाला दुरून नेटवर्क बदलायचंच नसेल तर हा पुरे.

नेटवर्कमॅनेजर ज्या यंत्रावर खरोखर कारभार बघतो, उदाहरणार्थ तुमचं अल्मा, तिथे एक सोय आहे. कॉकपिटमधून केलेल्या बदलाने तुमचीच जोडणी तुटली तर तो बदल आपोआप मागे घेतला जातो. टर्मिनलवर ती सोय आपोआप मिळत नाही.

अपडेट त्या पानावरून केलं तर ते पॅकेजकिट पार पाडतं, टॅब बंद झाला तरी काम चालू राहतं. पण कॉकपिटच्या आतल्या टर्मिनलमध्ये एपीटी (पॅकेज बसवणारी कमांड) चालवत असाल तर आधी टीमक्स (जोडणी तुटली तरी काम चालू ठेवणारं साधन) सुरू करा. जोडणी गेली की ते टर्मिनलही जातं आणि एपीटीच्या मागे काम करणारं डीपीकेजी अर्ध्यावर थांबतं.

मुळाकाठ
प्रोमिथियस हे देखरेखीचं साधनही ९०९० वरच बसतं. दोन्ही एकाच यंत्रावर टाकाल तर जो आधी उठेल त्याचं पोर्ट.

पेठेतला_पेंग्विन
कॉकपिटच्या कॉन्फ फाइलमध्ये सेशन विभागात बॅनर अशी ओळ असते. तिला मजकुराची फाइल दिली की तो लॉगिनच्या पानावर दिसतो. आमच्याकडून पाटी:

'पासवर्ड एकदाच व नीट टाकावा. विसरल्यास दुपारी १ ते ४ फोन करू नये. रीस्टार्ट हा प्रत्येक प्रश्नावरचा उपाय नाही.'

कंटेनरवाली
पाटीखाली 'हुकुमावरून' राहिलं की. :)

बिनतारी
अवांतर, पण भोसरीसाठी गरजेचं. गुरुवार. देखभालीसाठी वीज जाते तेव्हा वेब पॅनेल काय करणार? यूपीएसच्या यूएसबीला एक यंत्र जोडा आणि एनयूटी (यूपीएसवर लक्ष ठेवून यंत्रं बंद करणारं सॉफ्टवेअर) टाका. ते यंत्र प्रायमरी, बाकी दोन त्याच्याकडून पोर्ट ३४९३ वर बातमी घेणारी सेकंडरी. बॅटरी तळाला आली की आधी सेकंडरी बंद होतात, मग प्रायमरी. अल्मावर लिबव्हर्ट-गेस्ट्स ही सर्व्हिस चालू आहे का बघा, तीच आतल्या तीन मशीनना नीट झोपवते. नेटवर्कचा स्विचही यूपीएसवरच हवा, नाहीतर सेकंडरींना निरोप कसा पोचणार?

आता परत उठण्याचं. बायोसमध्ये वीज परतल्यावर काय करायचं याचा पर्याय असतो. 'लास्ट स्टेट' ठेवू नका. एनयूटीने यंत्र रीतसर बंद केलं असेल तर शेवटची अवस्था 'बंद' हीच असते आणि वीज आल्यावरही ते बंदच राहतं. 'पॉवर ऑन' ठेवा.

त्यातही एक फट आहे. यंत्र बंद होत असतानाच वीज परतली तर यूपीएसचा पुरवठा खंडित होतच नाही. यंत्राला 'वीज गेली होती' हे कळत नाही आणि ते झोपूनच राहतं. म्हणून एनयूटी बंद होताना शेवटी यूपीएसलाच आउटपुट तोडायला सांगतो आणि थोड्या वेळाने यूपीएस ते पुन्हा चालू करतं. ही आज्ञा तुमचं यूपीएस मानतं का, हे सुट्टीच्या दिवशी एकदा प्लग काढून पूर्ण फेरी करून तपासा. मानत नसेल तर कोपऱ्यात एक रास्पबेरी पाय (तळहाताएवढा संगणक) ठेवा, त्यावरही वायरगार्ड टाका, आणि तिथून वेक-ऑन-लॅनने (जाळ्यातून निरोप धाडून बंद यंत्र चालू करण्याच्या सोयीने) तिघांना उठवा.

पर्वतीपायथा
बिनतारींचं अवांतर हेच खरं पूर्वतयारीचं. त्याला जोडून: सर्व्हरला आयड्रॅक किंवा आयएलओ (सर्व्हरमधलाच वेगळा दूरनियंत्रणाचा भाग) असेल तर कर्नल अडकला तरी दुरून पडदा दिसतो आणि रीसेट करता येतं. कॉकपिट आणि वेबमिन दोन्ही यंत्र जिवंत असेल तरच चालतात. पण आयड्रॅक-आयएलओचं जाळं वेगळ्या व्हीलॅनमध्ये (बाकीच्यांपासून तोडलेल्या जाळ्यात) ठेवा. त्यांच्याशी बोलण्याची आयपीएमआय २.० ही जी पद्धत आहे तिच्या रचनेतच अशी खोट आहे की लॉगिन न करता खात्याच्या पासवर्डचा हॅश मागून घेता येतो. आणि जुन्या डेलवर रूट/कॅल्विन हा कारखान्यातून आलेला पासवर्ड अजून तसाच असतो, तो आधी बदला.

मुळाकाठ
घड्याळाचा विषय वर निघाला म्हणून. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या संगणक-सुरक्षा संस्थेचे २८ एप्रिल २०२२ चे निर्देश कंपन्यांनाही लागू आहेत: लॉग १८० दिवस ठेवायचे, ठरावीक प्रकारच्या घटना ६ तासांत कळवायच्या, आणि घड्याळ एनआयसी किंवा एनपीएलच्या वेळेशी जुळवायचं. क्रोनी या घड्याळ जुळवणाऱ्या सर्व्हिसमध्ये समय१.एनआयसी.इन आणि टाइम.एनपीएलइंडिया.ऑर्ग हे दोन सर्व्हर लिहा.

लॉगचं गणित नीट बघा. कॉकपिटचं लॉग पान सिस्टमडी जर्नल दाखवतं. जर्नल मुळात फाइलसिस्टमच्या १० टक्के आणि जास्तीत जास्त ४ जीबी एवढीच जागा घेतं, त्यापुढे जुनं पुसतं. बडबड्या यंत्रावर १८० दिवसांच्या कितीतरी आधी ती भरते. जर्नलडीच्या कॉन्फमध्ये स्टोरेज पर्सिस्टंट करा आणि सिस्टममॅक्सयूज वाढवा. मॅक्सरिटेन्शनसेकला १८० दिवस लिहून काम होत नाही, तो पर्याय फक्त त्याहून जुनं काढतो, तोपर्यंत टिकेल याची हमी देत नाही.

रूटनको
मूळ प्रश्नाकडे येऊ. तिन्ही यंत्रांवर ९०९० चालू ठेवायची गरज नाही. एकावर पूर्ण कॉकपिट, बाकी दोघांवर फक्त कॉकपिट-ब्रिज आणि कॉकपिट-सिस्टम. लॉगिनच्या पानावर 'कनेक्ट टू' मध्ये दुसऱ्याचं नाव टाकलं की ते एसएसएचने तिकडे जातं. लॅपटॉपवर फ्लॅटपॅकमधला कॉकपिट क्लायंट टाकला तर एकाही यंत्रावर ९०९० लागत नाही, सगळं एसएसएचवर. पॅनेल हवंच असेल तर हा प्रकार मला मान्य आहे.

एकाच टॅबमध्ये तिन्ही यंत्रं जोडून ठेवायचा जुना पर्याय मात्र टाळा. दुसऱ्या यंत्राकडून आलेली जावास्क्रिप्ट त्याच सत्रात चालते, म्हणजे एक बिघडलेलं यंत्र बाकीच्यांवर हात टाकू शकतं. मूळ प्रकल्पानेच आता तो मोडीत काढायला घेतला आहे.

भोसरीकर
मग असं ठरवतो, चूक असेल तर सांगा.

व्हीपीएसवर वायरगार्ड, तिन्ही यंत्रं आणि लॅपटॉप त्याला जोडलेले. कोथरूडहून लॅपटॉपवरच्या कॉकपिट क्लायंटने एसएसएचवरून, चावीने. अल्मावर पूर्ण कॉकपिट, पण सॉकेट फक्त १०.४४.०.१२ वर, दोन टप्प्यांच्या लॉगिनसह, क्लायंट नसलेल्या यंत्रावरून जायची वेळ आली तर. वेबमिन फक्त डेबियनच्या फाइल सर्व्हरवर, कारखान्याच्या जाळ्यापुरतं, लेखा विभागाच्या खात्याला चार बटणं. ईआरपीच्या रीस्टार्टचं बटण तिथूनच एसएसएचने तिसऱ्या यंत्रावरची एकच स्क्रिप्ट चालवेल. पोर्टेनर १०.४४.०.१३ च्या ९४४३ वर. एटसीकीपर सगळीकडे.

शून्यएक
आराखडा चांगला आहे. ईआरपीच्या बटणासाठी वेगळी एसएसएच चावी करा आणि तिसऱ्या यंत्राच्या ऑथराइज्ड-कीज फाइलमध्ये त्या चावीच्या ओळीच्या सुरुवातीला 'रिस्ट्रिक्ट' आणि 'कमांड=' लावून स्क्रिप्टचा पूर्ण पत्ता लिहा. मग ती चावी कोणाच्या हाती लागली तरी तेवढी स्क्रिप्टच चालेल, शेल मिळणार नाही.

कर्नलकाका
अल्माच्या सॉकेटबद्दल दोन गोष्टी. सिस्टमसीटीएल एडिटने कॉकपिट.सॉकेट उघडून सॉकेट विभागात आधी रिकामी लिसनस्ट्रीम= ही ओळ लिहा. ती जुनं ९०९० पुसते. ती विसरली तर जुना पत्ता तसाच राहून नवा त्यात मिळवला जातो. त्याखाली लिसनस्ट्रीम=१०.४४.०.१२:९०९० आणि फ्रीबाइंड=यस. फ्रीबाइंड नसेल तर यंत्र उठताना वायरगार्डचा इंटरफेस अजून आलेला नसतो, तो पत्ता सापडत नाही आणि सॉकेट बंद पडतं. हाताने सुरू केलं की चालतं, पुढच्या गुरुवारी पुन्हा बंद.

पोर्ट ९०९० च ठेवताय म्हणून एसईलिनक्स (अल्मावरची जादा सुरक्षा) अडवणार नाही. बदललंत तर सेमॅनेज या कमांडने नव्या पोर्टला वेबएसएम-पोर्ट हा प्रकार द्यावा लागेल. शेवटी डीमन-रीलोड, सॉकेट रीस्टार्ट, आणि एसएस कमांडने बघा की ९०९० समोर तारा किंवा शून्यं न दिसता १०.४४.०.१२ च दिसतंय.

भोसरीकर
रविवारी यंत्रासमोर बसून करतो. रेंडरर बदलून झाला आणि यूपीएसचा प्लग काढून फेरी पूर्ण झाली की एसएसचा निकाल इथेच टाकतो.

बिनतारी
प्लग काढण्याआधी रेडची स्थिती बघा. एमडीस्टॅट या रेडची स्थिती दाखवणाऱ्या फाइलमध्ये चारही डिस्क यू (चालू) दिसायला हव्यात. रीसिंक चालू असेल तर तो संपेपर्यंत थांबा.